चालीखालचे शब्द

सांगते, पण मध्ये हसायचं नाही. आणि ‘ते गाणं लाव ना जरा’ असं तर अजिबात म्हणायचं नाही.

माझं काम साधं आहे. लोकांच्या तोंडी असलेली गाणी घ्यायची आणि त्यांतले शब्द आणि चाल एकमेकांबरोबर कसे नांदतात ते बघायचं. काही गाण्यांत दोघांचा सुखाचा संसार असतो, काहींत नुसती धुसफूस. या अभ्यासासाठी विद्यापीठानं मला एक खोली दिली आहे, एक टेबल दिलं आहे, आणि टिंगल सहकारी पुरवतात. ‘गाण्याचे शब्द कोण ऐकतं हो?’ हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शब्द कोणी ऐकत नाही म्हणूनच तर ते कोणीही चोरतं.

या धंद्यात बहुतेक वेळा चाल आधी होते. संगीतकार तोंडाला येईल ते बरळत चाल गातो आणि गीतकार त्या मापात शब्द बसवतो. बसवणारा हुशार असेल तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण एक गाणं मला वर्षानुवर्षं खटकत होतं. तुम्ही सगळे त्यावर नाचला आहात. ‘चांदणरा… तीत नाचू… रंगू दे हवा.’ चांदणरातीत हा अख्खा एक शब्द, आणि चाल नेमकी त्याच्या पोटात श्वास घेते. दर कडव्यात तोच प्रकार. गीतकार अडाणी म्हणावा, तर त्याची बाकीची गाणी स्वच्छ आहेत. मला राहून राहून वाटायचं, या चालीवर आधी दुसरे शब्द होते. कोणीतरी ते ओरबाडून काढले आहेत.

हे पटणारं माणूस घरात एकच होतं, माझी वहिनी. ते गाणं लागलं की ती उठून जायची. तिच्याच लग्नात आम्ही सगळे त्यावर घाम फुटेपर्यंत नाचत होतो, आणि नवरी हात धुवायच्या बेसिनपाशी तोंड फिरवून उभी होती. पुढे एकदा भांडी लावता लावता तिनं मला सांगितलं.

“ही चाल माझ्या आईची आहे गं. गाणं आलं त्याच्या आधीची.”

तिची आई स्टुडिओत कोरसमध्ये गायची. दोघीच राहायच्या. कामावरून आली की ती बेल वाजवायची नाही. दारावर थापा मारत ही चाल म्हणायची, मग ही चिमुरडी स्टुलावर चढून कडी काढायची. एक दिवस आई आलीच नाही. पोर दाराला कान लावून बसली होती, चाल ऐकू आल्याशिवाय कडी काढेना. शेवटी शेजारणीनं मागच्या खिडकीतून हात घालून तिला बाहेर काढलं. कामावर असताना दम लागून गेली, एवढंच घरी कळलं.

“चाल आठवते. शब्द एकही आठवत नाही,” वहिनी म्हणाली. “मला वाढवलं त्या मामाला सांगितलं तर म्हणतो, लहान होतीस, रेडिओवर ऐकलं असशील.”

तिच्याकडे आईचा फोटो होता, आवाज नव्हता. तिला फक्त ते शब्द हवे होते, आणि मी ते आणून देणार होते. मग कोणाला राग येवो नाहीतर लोभ.

त्या गाण्याच्या संगीतकाराला सगळे ‘मालक’ म्हणतात. मी भेटायला गेले तेव्हा मालक गुडघ्यावर शाल पांघरून बसले होते. चाल कशी सुचली, विचारलं. “अंघोळ करताना!” म्हणाले. शब्दांचं विचारलं, तर हसले. “शब्द म्हणजे काय हो बाई? शर्ट अडकवायचा हँगर. कुठलाही चालतो.” त्यांचा लवकरच सत्कार व्हायचा होता. मी गौरवलेख लिहिणार अशी त्यांनी सोयीस्कर समजूत करून घेतली आणि मूळ टेप ऐकायची परवानगी देऊन टाकली; वर घरच्या पत्त्याचं कार्डही दिलं.

भर दुपारी मी स्टुडिओत गेले. इमारत पाडायला काढली होती. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत पाऊल टाकलं तर सगळे आवाज एकदम मिटले. भिंतींना, दारांना, छताला जाड गाद्या ठोकलेल्या. स्वतःचा श्वाससुद्धा कानाशी येऊन ऐकू यायचा. जुन्या कापसाचा आणि तापलेल्या तारांचा वास होता. तिथले म्हातारे रेकॉर्डिस्ट कायम आवाजाच्या काट्यांवर डोळा ठेवून असायचे, म्हणून त्यांचं नाव मीटरदादा. समोर मोठी काच, काचेपलीकडे गायकाची खोली. तिच्या दाराला बाहेरून कडी होती, आणि ती लावलेली होती.

“रिकाम्या खोलीला कडी कशाला?” मी विचारलं.

“असू दे ताई. सवय.”

मूळ टेपवर प्रत्येक आवाजाचा पट्टा वेगळा असतो, हवा तो बंद करता येतो. मी गायिका बंद करायला लावली. मग व्हायोलिन, मग बासरी, मग गिटार. एकेक जण उठून गेल्यावर मागे उरला तो फक्त ठेका. ज्यावर पाय आपोआप उचलतात ना, तो.

“हे वाद्य कुठलं? ढोलक वाटत नाही.”

मीटरदादांनी काट्यांवरून नजर काढली नाही.

“दादा?”

“…वाद्य नाही ते.”

तेवढ्यात शेवटच्या मीटरचा काटा हलला. त्या पट्ट्यावर ‘कोरा’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. काटा ठेक्याच्या जरा मागे मागे हलत होता. मग स्पीकरमधून श्वास आला, ओढून घेतलेला, छातीत घरघर असलेला. आणि मग बाईचा आवाज.

‘दार उघड… दार उघड… बाळ एकटं घरी…’

मी टेबलाची कड घट्ट धरली. चाल थांबत होती तिथे बोलणं थांबत होतं. कुठेही शब्द तुटत नव्हता. इतकी वर्षं मी जे शोधत होते ते समोर होतं, आणि मला आनंद झाला नाही.

“तो पट्टा मी पुसला होता,” मीटरदादा पुटपुटले. “मालकांनी सांगितलं म्हणून… माझ्या हातानं पुसला होता ताई.”

“काय झालं होतं इथे?”

“कोरसमधली होती ती. मालकांना तिची चाल हवी होती, तिनं द्यायची नाही म्हणून सांगितलं. माझ्या लेकीची आहे म्हणाली. मालकांनी कडी लावली… गाशील तेव्हा उघडेन म्हणाले, आणि मला घेऊन जेवायला गेले. टेप चालूच राहिली. तिला दमा होता. त्या खोलीतून आवाज बाहेर येत नाही… बांधलीच तशी आहे…”

“आणि थापा?”

“मालकांना ठेका आवडला,” ते म्हणाले. “तेवढा ठेवला.”

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. मरणाऱ्या बाईच्या हातांवर आम्ही लग्नं साजरी केली. तिच्या पोरीच्या लग्नात नाचलो. आणि तो माणूस शाल पांघरून सांगतो, अंघोळ करताना सुचलं!

“बंद करा,” मी ओरडले.

त्यांनी टेप बंद केली. चाकं फिरायची थांबली, सगळे काटे शून्यावर पडले. थापा थांबल्या नाहीत.

त्या आता स्पीकरमधून येत नव्हत्या. काचेपलीकडून येत होत्या, त्या गादीच्या दारातून, जिथून काहीच ऐकू येत नाही. दारावरची कडी प्रत्येक थापेला थरथरत होती.

मी उठले. मीटरदादांनी माझा दंड धरला.

“उघडू नका ताई… इतकी वर्षं मी उघडलेलं नाही… आता ती काय करेल…”

“जे करायचं ते करू दे,” मी म्हणाले. “तिला घरी जायचंय.”

भीती वाटत होती, नाही कशी वाटणार? पण संताप भीतीपेक्षा मोठा होता. मी कडी काढली. आत कोणी नव्हतं. एक माईक, एक उंच स्टूल, आणि कोंडलेली गरम हवा. ती हवा माझ्या अंगाला घासून बाहेर गेली. औषधी मलमाचा वास आला, छातीला चोळतात त्या मलमाचा. मग मागे, जिन्याकडे, हलकी पावलं वाजली. घाईत असलेल्या बाईची.

मीटरदादांनी डोळे गच्च मिटले होते. मी त्यांना तसंच सोडलं.

घरी पोचले तेव्हा अजून ऊन होतं. वहिनीला कसं सांगायचं, किती सांगायचं, याची जुळवाजुळव मी वाटभर करत होते. दार सताड उघडं होतं. वहिनी टेबलापाशी बसली होती. समोर दोन कप. आणि घरात तोच वास.

ती गुणगुणत होती.

“दार उघड… दार उघड… आई आली घरी…”

“वहिनी,” मी कशीबशी म्हणाले, “हे शब्द तुला…”

“आठवले गं. थापा ऐकल्या आणि पळतच गेले.” ती हसत होती, गाल ओले होते. “मला ओळखलंच नाही तिनं आधी. म्हणाली, केवढी झालीस. जरा वेळ बसली. फार दम लागला होता तिला.”

मी खुर्चीत बसले. माझ्यासमोरच्या कपातला चहा तसाच होता, आणि तो अजून वाफाळत होता.

“आता… आता कुठे आहे?”

“गेली.” वहिनीनं डोळे पुसले. “मालक कुठे राहतात, विचारत होती. तुझ्या इथल्या टेबलावर त्यांचं कार्ड होतं.”

“तू पत्ता दिलास?”

वहिनीनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

“दाखवला. वाचून म्हणाली, त्या मजल्यावर आणखी घरं असतील. माझ्या थापा सगळ्यांनी ऐकल्या तरी चालेल ना गं?”