लोकर घरी आली तेव्हा

“जरा धरता का हिला? घट्ट नको... अशी, छातीशी.”

एवढं बोलून त्याने एक थरथरणारा जीव तिच्या हातांत दिला आणि तो आतल्या खोलीत नाहीसा झाला. ती दारातच उभी. खांद्यावर पर्स, मनगटाला लटकलेली ओली छत्री आणि कुशीत एक छोटीशी कुत्री — पांढऱ्या अंगावर तांबूस डाग, लांब लोंबणारे मऊ कान. कुत्रीने एकदा तिच्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि तिच्या कोपरावर हनुवटी टेकवून डोळे मिटले. जणू वर्षानुवर्षांची ओळख!

खरं तर ती कुत्र्यासाठी आलीच नव्हती. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती. प्राण्यांच्या या दवाखान्यातल्या डॉक्टरचा चष्मा तयार होऊन कधीचा पडून होता. फोनवर फोन करूनही न्यायला कुणी येईना. दवाखाना घरच्या वाटेवरच, म्हणून निघताना तिने तो पर्समध्ये टाकला होता.

बऱ्याच वेळाने डॉक्टर हात पुसत बाहेर आला. तिच्याच वयाचा असेल, फार तर थोडा मोठा. जुन्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली.

“माफ करा हं. मांजर होतं, गाडीखाली आलेलं.”

“वाचलं?”

“वाचेल. तुम्ही... कुणाला घेऊन आलात?”

“चष्म्याला,” ती म्हणाली.

त्याला कळायला क्षणभर लागलाच. मग तो इतका ओशाळला की तिलाच हसू आलं. कुत्रीला बाकावर ठेवून तिने नवा चष्मा काढला, त्याच्या डोळ्यांवर चढवला, कानांमागे काड्या नीट बसवल्या. रोज असे कितीतरी चेहरे तिच्या हाताखालून जात. आज मात्र बोटं उगाचच सावकाश चालत होती.

“हलू नका.”

“श्वास तरी घेऊ ना?”

“घ्या. पण बेताने.”

काम झालं तशी त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला.

“आत्ता दिसलात. इतका वेळ अंदाजानेच बोलत होतो.”

“आणि त्या मांजराचे टाके? तेही अंदाजानेच?”

तो मोकळेपणाने हसला. बाहेर पावसाचा जोर वाढला होता. एवढ्यात निघण्यात काही अर्थ नव्हता... निदान तिने स्वतःला तसं सांगितलं. आणि मग, कुत्रीच्या कानावरून हात फिरवता फिरवता, कित्येक दिवस मनात घोळणारी गोष्ट तिने विचारून टाकली.

“घरी एक लहान मुलगी आहे. तिला कुत्रा हवाय. छोटासा, माणसांना जीव लावणारा. कुठल्या जातीचा घ्यावा?”

“तुमची मुलगी?”

“बहिणीची,” ती म्हणाली. थोडं थांबून पुढे म्हणाली, “आता माझीच.”

त्याने फक्त स्टूल पुढे ओढलं आणि तिच्यासमोर बसला.

थोरली बहीण आजारपणात गेली, त्याला दोन पावसाळे होत आले होते. मेहुण्याने दूरच्या शहरात दुसरा संसार थाटला आणि मुलगी इथेच राहिली. मावशी आणि आजोबांपाशी. सगळे तिला मनी म्हणत. ही मनी आई गेल्यापासून एकदाही रडली नव्हती. शाळेत बोलत नव्हती, घरी विचारलं तेवढ्यालाच उत्तर द्यायची. पण जिन्याखाली शेजाऱ्यांचा म्हातारा कुत्रा झोपायचा, त्याच्यापाशी बसून ती तासन्‌तास काहीतरी कुजबुजत असे. एकदा मावशीने वरच्या पायरीवरून ऐकलं होतं... मनी त्याला आईच्या गोष्टी सांगत होती.

“आणि आजोबांचं काय म्हणणं?” डॉक्टरने विचारलं.

“त्यांचं म्हणणं एकच. या घरात आता नवीन कुणाचाही लळा नको.”

तेव्हापासून घरी जाताना तिची पावलं दवाखान्याकडे वळू लागली. कारण ठरलेलं — कुत्र्याची जात. डॉक्टरही दर वेळी थोडंथोडंच सांगायचा. पॉमेरेनियन गोंडस खरा, पण भुंकून भुंकून आजोबांचं डोकं उठवेल. डॅशहंडची पाठ लांब, तुमचे जिने त्याला मानवायचे नाहीत. पग प्रेमळ, पण उन्हाळ्यात त्याला धाप लागते. माल्टीजचे केस रोज विंचरावे लागतील.

“रोज? मनीचीच वेणी घालताना आमची लढाई होते.”

“मग माल्टीज बाद,” तो गंभीरपणे म्हणाला. “तुम्हाला कसा हवाय, ते एकदा नीट सांगा.”

“मांडीवर बसणारा. सगळ्यांना आपलं म्हणणारा. कधी न रागावणारा... आणि पुष्कळ जगणारा.”

“नवरा शोधताय की कुत्रा?”

ती लाजली, रागावली आणि हसली — सगळं एकदमच.

एवढ्या दिवसांत पहिल्या दिवशीची ती तांबूस-पांढरी कुत्री मात्र दवाखान्यातच दिसत होती. मनीच्या मावशीची चाहूल लागली की ती धावत येई आणि चपलेवर डोकं ठेवून बसे.

“हिला न्यायला कुणी येत नाही?”

डॉक्टरचा चेहरा उतरला. “नाही येणार आता. ही कॅव्हेलियर स्पॅनियल. लहान कुत्र्यांमध्ये हिच्याइतकी मायाळू जात मी पाहिली नाही. तुम्ही सांगितलंत ना, तशीच... शेवटची गोष्ट सोडून. या जातीचं हृदय लवकर थकतं. हिची झडप गळायला लागली आहे. तपासणीत कळलं आणि मालक सोडून गेले. औषधांवर काही वर्षं आनंदात काढेल. किती, ते मी सांगू शकत नाही.”

“मग मला का सांगताय?” तिचा आवाज एकाएकी चढला. “जिची आई डोळ्यांदेखत गेली, त्या पोरीच्या हातात मी हे देऊ?”

“मी घ्या म्हणालो नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून खरं ते सांगितलं.”

त्याचं खरं होतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. छत्री विसरून ती तशीच निघून गेली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरचा निरोप आला. एका घरी शित्झू जातीची निरोगी पिल्लं आहेत, दवाखान्यात आणणार आहेत, मुलीला घेऊन या. ती मनीला घेऊन गेली. टोपलीत तीन गुबगुबीत पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. मनीने एकेकाला बोट लावलं, आणि मग ती कोपऱ्यात बसलेल्या तांबूस कुत्रीपाशी जाऊन जमिनीवर बसली. कुत्री मुकाट्याने तिच्या मांडीवर चढली.

“हिचं काही दुखतंय का?” मनीने विचारलं.

डॉक्टरने मावशीकडे पाहिलं. त्या नजरेत परवानगी मागणं होतं. तिने मान डोलावली.

“दुखत नाही,” तो मनीजवळ उकिडवा बसत म्हणाला. “पण हिचं हृदय अशक्त आहे. कदाचित इतर कुत्र्यांइतकी ती जगणार नाही.”

मनीने कुत्रीचे कान हळूच झाकले. मग म्हणाली, “तिला माहितीये हे?”

“नाही.”

“मग तिला सांगू नका हं. आईला सगळे सारखं सांगायचे.”

आणि दोन वर्षं आत कोंडलेलं रडू असं फुटलं की पिल्लंसुद्धा चिडीचूप झाली. कुत्री तिच्या गालावरचं पाणी चाटत राहिली. मावशी पुढे धावणार होती, पण डॉक्टरने हलकेच तिचं मनगट धरलं. “रडू दे तिला,” तो पुटपुटला. त्याचेही डोळे भरले होते. मनगट सोडायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही, आणि तिनेही ते सोडवून घेतलं नाही.

संध्याकाळी कुत्री घरी आली. मनीने तिचं नाव ठेवलं लोकर.

आजोबांनी आयुष्यभर बस चालवली होती. सगळं आपल्या हातात ठेवायची सवय. “हे जनावर माझ्या खोलीत येता कामा नये,” त्यांनी फर्मावलं. लोकर पहिल्याच दिवशी त्यांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या पायांवर झोपली. “निर्लज्ज आहे,” ते म्हणाले. पण पाय हलवले नाहीत.

डॉक्टर दर रविवारी लोकरला तपासायला येऊ लागला. आधी मनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकायची, मग तो. नंतर चहा. नंतर गप्पा. मनी आता बोलू लागली होती, आणि लागली ती थांबेचना.

एका रविवारी आजोबांनी वर्तमानपत्रामागून विचारलं, “डॉक्टर, या कुत्रीचं हृदय दर आठवड्याला ऐकावं लागतं का हो?”

“नाही,” डॉक्टर कपाकडे बघत म्हणाला. “खरं तर... दोन-तीन महिन्यांनी ऐकलं तरी चालतं.”

“असं होय!” म्हणून आजोबांनी पान उलटलं. ती स्वयंपाकघरात पळाली. कानाच्या पाळ्या नुसत्या तापल्या होत्या.

त्याच दिवशी, ती त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली तेव्हा त्याने विचारलं. अगदी साधेपणाने, कठड्यावर हात ठेवून. “मला रविवारपुरतं यायचं नाहीये. कायमचं यायचंय. तुम्ही काय म्हणता?”

तिला वाटलं, हो म्हणावं. तोंडून आलं ते वेगळंच. “या घरात आलेलं माणूस पुन्हा जाणार नाही, याची खात्री देता?”

“अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही.”

“मग नको.”

त्याने वाद घातला नाही. उतरून गेला. औषधं वेळेवर येत राहिली, दुसऱ्या कुणाच्या हाती. रविवारी लोकर दाराशी जाऊन बसायची आणि अंधार पडला की उठायची. मनी विचारायची, “डॉक्टर रागावलेत?” ती मनीची वेणी घालायला घ्यायची. दुकानात ती लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवायची, नीट दिसतंय का विचारायची, आणि तिचे स्वतःचेच डोळे भरून यायचे.

एका दुपारी दुकानात आजोबांच्या मोबाइलवरून मनीचा फोन आला. “मावशी, लोकर पडली! उठतच नाहीये! आजोबा तिला घेऊन गेले, मी पण पळतेय त्यांच्यामागे...”

ती होती तशी धावली. दवाखान्यात आजोबा बाकावर बसले होते. घामाने भिजलेले, एकाच पायात चप्पल. गुडघ्यांमुळे जिना चढायला-उतरायला कुरकुरणारा हा माणूस कुत्रीला छातीशी धरून भर उन्हात पळत आला होता. आतल्या टेबलावर लोकर पडली होती आणि डॉक्टर डोळे मिटून तिची छाती ऐकत होता. मनी टेबलाची कड धरून उभी होती.

“भोवळ होती,” अखेर तो म्हणाला. “शुद्धीवर आहे. औषध वाढवू. या खेपेला निभावलं.”

आजोबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात खाली घेत लेकीकडे बघून म्हणाले, “मी हिला नको म्हणत होतो. नको म्हणून काय वाचलं असतं ग? एवढं सुखही मिळालं नसतं.” मग खाकरून, आवाज नेहमीसारखा करत म्हणाले, “मी मनीला आणि हिला घेऊन सावकाश पुढे होतो. तू डॉक्टरांशी... औषधांचं बोलून घे.”

दोघंच उरले. टेबलावर लोकरचे चार केस पडले होते, तेच ती बोटाने गोळा करत राहिली.

“तुम्ही हिच्याबद्दल सगळं खरं सांगितलं होतंत,” ती म्हणाली. “आज स्वतःबद्दल सांगा.”

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “माझं लग्न एकदा मोडलंय. ती वाईट नव्हती. इथे हातातून जे जे जीव गेले, ते मनात घेऊन मी घरी जायचो आणि बोलायचोच नाही. भिंतीशी संसार किती दिवस करणार ती? आता बोलायला शिकतोय... तुमच्या घरी शिकलो. तुमची मनी गप्प बसूच देत नाही.”

ती हसली. हसता हसता रडली.

“मग माझंही ऐका. मी फार भित्री आहे. कुणाला साधा खोकला झाला तरी मला झोप लागत नाही. आणि त्या दोघांना सोडून मी कुठेही येणार नाही.”

“मी कुठे न्यायचं म्हणतोय? मीच येईन म्हणतोय.”

“आमच्या दोनच खोल्या आहेत.”

“पाहिल्यात मी.”

“बाबा घोरतात.”

“ऐकलंय.”

“तुम्हाला ना... सगळ्याला उत्तर आहे,” ती म्हणाली. मग नजर वर उचलून, अगदी हळू आवाजात म्हणाली, “या. कायमचे या.”

त्याने तिचा हात हातात घेतला. त्याच्या हाताला औषधाचा वास होता. तिने दुसरा हात त्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

बाहेर उन्हं कलली होती. दोघं दार ओढून निघाले. रस्त्याच्या वळणावर आजोबा दिव्याच्या खांबाला टेकून उभे होते, लोकर त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून होती. मनीने या दोघांना पाहिलं, त्यांचे एकमेकांत गुंतलेले हात पाहिले, आणि तिने साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली —

“चला ना लवकर! आम्ही कधीचे थांबलोय तुमच्या दोघांसाठी!”