बारा मिनिटांची लाल पट्टी

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण हे माझ्याच घरात घडलंय, आणि रात्री-बित्री नाही. गेल्या वर्षी, १८ मार्चला, भर दुपारी बारा वाजता. सारातोवमध्ये, व्होल्गाच्या काठी.

मी रोदिओन. अंतराळमोहिमांच्या आठवणीत निघालेली घड्याळं जमवतो. त्यातलं एक माझा जीव की प्राण. माणूस पहिल्यांदा यानाबाहेर तरंगला, त्या १८ मार्चच्या आठवणीत काढलेलं. फक्त दोनशे नग. तबकडीवर बारा मिनिटांची लाल पट्टी, कारण तो बाहेर होता तेवढाच वेळ.

ते घड्याळ ड्रॉवरमध्ये कुलपात, बंद पडून होतं. आमचा म्हातारा घड्याळजी सावेली जानेवारीत वारला. तेव्हापासून मी त्याला चावीच दिली नव्हती.

त्या दुपारी ड्रॉवरजवळून जात होतो...

टिक. टिक. टिक.

कुलूप काढलं. घड्याळ चालू होतं! काटा लाल पट्टीवरून सरकत होता... पट्टी संपली आणि थांबला.

माझा स्वभाव मुळातच संशयी. ड्रॉवरची दुसरी किल्ली फक्त धाकट्या भावाकडे, वेन्याकडे. तो स्वयंपाकघरात चहा ढोसत बसला होता. नदीच्या बर्फावर मासे धरायला निघाला होता.

"घड्याळाला हात लावलास?"

"मला काय करायचंय? मला वेळ मासेच सांगतात."

मी त्याच्यासमोर मागचं झाकण उघडलं. सावेली दर दुरुस्तीला झाकणाच्या आत सुईने तारीख कोरायचा. शेजारी गिऱ्हाइकाच्या नावाचं पहिलं अक्षर. माझ्या तीन तारखा होत्या. तिन्हींपुढे 'र'.

खाली चौथी होती... ताजी. धातूचा कीस अजून चमकत होता.

१८ मार्च. आजची.

पुढे 'व'.

"व म्हणजे कोण रे? कुणाकडून उघडून घेतलंस? आतलं यंत्र बदललंस ना? चोर आहेस तू!"

वेन्या पांढराफटक पडला. "घड्याळापायी सख्ख्या भावाला चोर म्हणतोस, रोद्या? घे ही किल्ली. आणि कवटाळून बस ती घड्याळं."

बर्फाला भोक पाडायचं गिरमिट उचललं आणि गेला. घरातून निघण्याआधी मिनिटभर टेकायची आमची रीत. तेवढंही थांबला नाही.

मीही तणतणतच होतो. घड्याळ कुलपात टाकलं, दोन्ही किल्ल्या खिशात घातल्या आणि सावेलीच्या बायकोकडे, झोया मावशीकडे गेलो.

"मावशी, काकांची सुई कुणाला दिलीत?"

"कुणाला देणार? शवपेटीत त्याच्याच खिशात घातली. रिकामा बसला की चिडचिड करतो ना मेला."

मी तारखेचं सांगितलं. ती हसली.

"दुरुस्तीची तारीख? अरे खुळ्या, इतकी वर्षं यायचास आणि एवढं कळलं नाही? काम हातात घेतानाच कोरायचा तो. न्यायला कोण येणार, आणि कुठल्या दिवशी."

म्हणजे आज सावेलीकडे जाणार होता तो 'व'... वेन्या.

वेन्याला फोन लावला. नुसता वाजत राहिला...

नदीवर धावलो.

बर्फावर त्याचं स्टूल होतं. थर्मासमधला चहा गरम होता. गिरमिटाने पाडलेलं मुठीएवढं एक भोक, बाकी बर्फ अखंड. पावलं स्टुलापर्यंत गेलेली.

परतीची नव्हती.

घरी आलो. ड्रॉवरला कुलूप तसंच. किल्ल्या माझ्याच खिशात.

आत घड्याळ नव्हतं.

पोलीस म्हणतात, रागारागाने गेला असेल कुठेतरी, येईल. पटवून घ्यायचा प्रयत्न करतो. कपाटात अजून एकतीस घड्याळं आहेत. एकाचंही झाकण उघडायची माझी हिंमत होत नाही.

यंदा १८ मार्चला खुर्ची घेऊन ड्रॉवरसमोर बसलो. बाराला आतून, रिकाम्या ड्रॉवरमधून...

टिक. टिक. टिक.

बारा मिनिटं मी एकच बोलत राहिलो. "वेन्या, तू चोर नाहीस. वेन्या, माझं चुकलं रे."

मग ते थांबलं. त्याला ऐकू गेलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.