गच्चीवरचा नट

"ही वायर उन्हात टिकणार नाही."

हार्डवेअरच्या दुकानात माझ्या मागून कोणीतरी म्हणालं. मी वळून पाहिलं. उंच, सडपातळ, कोपर खरचटलेलं आणि चेहऱ्यावर अगदी साळसूद भाव.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही," तो म्हणाला आणि हसला.

मी हट्टाने तीच वायर घेतली. दुसऱ्या दिवशी गुपचूप बदलायला गेले, तर दुकानदाराने दुसरी वायर आधीच काढून ठेवलेली. त्या बाई उद्या येतील, असं तो सांगून गेला होता म्हणे. असा राग आला… आणि उगीचच बरंही वाटलं.

तेव्हा माडीवरच्या खोलीत माझं शिवणकाम चालायचं. वीज येता-जाता दगा द्यायची, पंखा बंद आणि शिवण अर्धवट. म्हणून गच्चीवर एक सोलर पॅनल बसवायचं मी मनावर घेतलं होतं. घरातले गळके नळ, कपाटांची बिजागरं मीच दुरुस्त करायची. बाबा मला मिस्त्रीणबाई म्हणायचे. पण पॅनल एकटीने पेलेना, आणि दुकानदाराने मदतीला नेमकं त्यालाच पाठवलं. सोलर बसवणं हेच त्याचं काम होतं.

पॅनलखाली त्याने एक लोखंडी चौकट केली, कलती करता येणारी. ऋतू बदलला की सूर्याची वाट बदलते, तसा पॅनलचा कल बदलायचा, असं त्याने समजावलं. नट सैल करायचा, पॅनल कलवायचं, नट आवळायचा. बस्स.

"जमेल ना तुम्हाला?"

अख्खं शिलाई मशीन खोलून पुन्हा जोडणारी मी, पदराशी चाळा करत म्हणाले, "छे, मला कुठलं जमायला…"

"मग मीच येत जाईन," तो म्हणाला. जरा घाईनेच.

तो ऋतू बदलला की यायचा. मग मधेही यायला लागला. कधी काचेवर धूळ बसली असेल म्हणून, कधी वायर बघायला, कधी सहज. बाबा एकदा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ढगाळ दिवशी सूर्यसुद्धा रजा घेतो. हा घेत नाही."

एका रविवारी त्याने मला आणि वहिनीला तळ्याकाठच्या टेकडीवर नेलं. बरोबर वहीएवढं पॅनल आणि त्याला जोडलेला रेडिओ. बॅटरी नाहीच, ऊन असेल तोवर गाणं, ढग आला की गप्प. आम्ही हसून हसून बेजार झालो. वहिनी पाण्यात पाय सोडायला खाली गेली, आणि तेवढ्यात एक मोठा ढग आला. गाणं थांबलं. गवतातून वारा तेवढा ऐकू येत होता.

"मला लांब नोकरी मिळाली आहे," तो म्हणाला. "मोठा प्रकल्प आहे. पुढच्या महिन्यात जायचंय."

नका जाऊ… हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण ऊन आलं, गाणं मधूनच सुरू झालं, आणि माझं बोलणं राहून गेलं. परतताना मी फक्त वहिनीशी बोलत होते. आता याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, तर सगळं इथेच संपणार, हे मला पक्कं कळत होतं.

निघण्याआधी तो शेवटचा गच्चीवर आला. या वेळी पाना त्याने माझ्या हातात दिला.

"शिकून घ्या. आता मी नसेन."

मी पाना मुद्दाम उलटा धरला. तो वाकला, नटावरून बोट फिरवलं, थबकला. मग बोट नाकाशी नेलं.

"इतके पावसाळे गेले, गंजाचा ठिपका नाही… हे मशीनचं तेल आहे."

माझे कान तापले.

"म्हणजे नट फिरवता येतो तुम्हाला."

"येतो."

त्याने बोट रुमालाला पुसलं. मग पॅनलकडे बघत म्हणाला, "एवढ्याशा पॅनलला अशी फिरती चौकट कोणी करत नाही. एकदाच पक्कं बसवतात."

"मग तुम्ही का केलीत?"

"परत यायला काहीतरी कारण हवं ना…"

मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. "तू गेलास तर मी याला हात लावणार नाही," मी म्हटलं.

"पुन्हा म्हण."

"काय?"

"तू."

जिन्याच्या दारात बाबा उभे होते, कधीपासून कोण जाणे. "मला वाटत होतं गच्चीवर एकच नट आहे," ते म्हणाले. "इथे तर आणखी एक नट आणि एक नटी." आणि खाली निघून गेले, वहिनीला चहा टाकायला सांगत.

तो गेलाच. अशी नोकरी त्याने माझ्यासाठी सोडावी, हे मलाच पटलं नसतं. पण ऋतू बदलला की तो यायचा, पाना घेऊन. आणि एका हिवाळ्यात मला मागणी घालायला आला.

आता आमच्या घरावर मोठी पॅनल्स आहेत, एकदाच पक्की बसवलेली. ते जुनं एका कोपऱ्यात, त्याच चौकटीवर आहे. जिन्यातला दिवा तेवढा लागतो त्याच्यावर. तरी ऋतू बदलला की हा शिडी लावतो, गुडघे कुरकुरतात, आणि मी खाली शिडी धरून उभी राहते.

"जमेल तुला?" तो वरून विचारतो.

"छे, मला कुठलं जमायला," मी म्हणते.

नटाला तेल मी आदल्या दिवशीच घातलेलं असतं.