मागे किती?

आर्विड सलमेला आमच्याच लाकडाच्या गिरणीतला. रचून सांगायचं डोकंच नाही त्याला. तेव्हा नीट ऐका पोरांनो, मधे हसू नका.

सतरा ऑक्टोबर, शनिवार. दुपारी त्याची भावजय एल्मा म्हणाली, "भावोजी, बर्फ पडायच्या आत जंगलातल्या खोपटातनं यांची करवत तेवढी आणा. गंजून जाईल."

'हे' म्हणजे ओन्नी, आर्विडचा धाकटा भाऊ. मे महिन्यात त्याच जंगलवाटेवर जिवानिशी गेला.

"सोबत कोणी नेताय ना?"

"करवत आणायला वरात कशाला?"

सरकारी जंगलातली ती वाट जेमतेम एका गाडीपुरती, नि चारचाकी मोटरसायकली दोन्हीकडून धावतात. म्हणून आमच्यात रीत आहे. समोरून कोणी आलं की डावा हात वर करायचा. मागे जितके सोबती, तितकी बोटं. मागे कोणीच नसेल तर मूठ.

मे महिन्यात आर्विड पुढे होता. ओन्नी सुटलेली दोरी बांधायला मागे थांबलेला. समोरून एक परका आला. आर्विडने हात उचलला, तो मिटलेलाच. बोटं गारठली होती, अंग आंबलं होतं. परक्याला वाटलं वाट मोकळी. वळणावर सुसाट गेला...

परका सगळ्यांना सांगत राहिला, "यानं मूठ दाखवली हो!" आर्विड म्हणाला, एक बोट दाखवलं. गावाने आर्विडचं ऐकलं. एल्मानेही. त्यानंतर आर्विड रडला नाही. जेवायचा, गिरणीत जायचा, झोपायचा. आत काही हलतच नव्हतं.

ओन्नीच्या डाव्या हाताचा पिवळा हातमोजा तेवढा कधी सापडला नाही.

तर त्या शनिवारी करवत गाडीच्या मागच्या जाळीवर बांधून आर्विड खोपटातून निघाला, तेव्हा रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. अर्ध्या वाटेत समोरून तिघे आले. आर्विडने मूठ दाखवली. दोघे गेले. शेवटचा म्हातारा मात्र थांबला.

"काय रे ए, मूठ काय दाखवतोस? मागचा दिसतोय की! एक बोट वर कर, नाहीतर मारशील त्याला."

"एकटाच आहे मी."

"मग तो दिवा तुझ्या सासऱ्याचा का?"

आर्विडने वळून पाहिलं. दूर वळणावर एक दिवा होता. म्हातारा पुटपुटत त्याच बाजूला निघून गेला. त्याची लाल बत्ती झाडांआड गेली. दिवा तिथंच राहिला.

फाटा आला. फाट्यावर थांबायचं, मागच्याचा दिवा दिसला की मगच पुढे जायचं, ही आमची दुसरी रीत. आर्विड सवयीने थांबला.

दिवा आला. थोडा अलीकडे थांबला. इंजिनाचा आवाज नाही.

"ओन्नी?"

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तो निघाला. पुढच्या फाट्यावर थांबला. दिवा आला. तो निघाला. पुन्हा थांबला. पुन्हा आला.

अकरा वाजून वीस. एल्मा दारातच उभी. मागे टेबलावर वेलचीचा पाव, नि कॉफीचे दोन पेले भरलेले.

"दुसरे कोण हो भावोजी? खिडकीतनं दोन दिवे दिसले मला."

अंगण रिकामं होतं. एल्मा करवत उतरवायला गेली. गेली ती तिथंच थांबली.

करवतीवर पिवळा हातमोजा. डावा. थंडीने लाकडासारखा कडक. चार बोटं मुडपलेली. एक ताठ.

एल्माने तो उचलला.

"भावोजी... त्या दिवशी तुम्ही काय दाखवलं होतं?"

आर्विडने डावा हात वर केला.

मूठ.

एल्मा आत गेली. एक पेला मोरीत ओतला. दुसरा तसाच ठेवला, ओन्नीच्या जागेवर. आर्विडला बस म्हणाली नाही.

हातमोजा तिने शेगडीवर टांगला. रात्रभर धग होती. सकाळपर्यंत तो सुकला, मऊ पडला, चार बोटं फडक्यासारखी लोंबली.

पाचवं अजून ताठ आहे. आत काही नाही. मी चाचपून पाहिलंय.