रोज चार सेकंद मागे

तो दुकानात घड्याळासाठी आलाच नव्हता. पाऊस चुकवायला आला होता.

ऑक्टोबर संपत आला तरी नगरवरचं आभाळ हलायला तयार नव्हतं. परतीचा पाऊस नको तितका रेंगाळला होता आणि कापडबाजारामागच्या आमच्या गल्लीत दुपारी चारलाच दिवे लावावे लागत होते. पप्पांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान जेमतेम आठ फुटांचं. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत कामाला लागले होते, पण पप्पांचे हात थरथरायला लागले आणि वर्षभरापूर्वी मी त्यांच्या खुर्चीत येऊन बसले. पप्पा आता मागच्या स्टुलावर बसून रेडिओ ऐकत आणि माझ्या चुका काढत.

तर तो पायरीवर उभा होता, केसांतून पाणी निथळत. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे, आणि मनगट हलकेच झटकलं. ज्याचं घड्याळ मागे पडतं तो माणूस नेमकं हेच करतो.

"किती मागे पडतं?" मी विचारलं.

त्यानं मान वळवून उजवा कान पुढे केला. डावा काम करत नसावा. मी प्रश्न पुन्हा विचारला.

"दिवसाला पाऊण मिनिट. पर मी काय ते दाखवायला न्हाई आणलेलं."

"मग तुम्ही राहा बाहेर. घड्याळाला आत येऊ द्या."

पप्पा मागून खुसखुसले. तो मात्र हसला नाही... जरा वेळानं हसला, उशिरा, जणू हसू लांबून यावं लागलं होतं. घड्याळ काढून त्यानं काचेवर ठेवलं. जाड स्टीलचं, कडेला फिरणारी चकती, तीनशे मीटर खोलीपर्यंत चालेल असं लिहिलेलं. स्वित्झर्लंडच्या मोठ्या कंपनीचं. असलं घड्याळ मी फक्त फोटोत पाहिलं होतं.

त्याचं नाव गोरक्ष. गाव घोडेगावच्या अलीकडे. सात वर्षं मुंबईपासून लांब समुद्रात, तेलाच्या विहिरींच्या पायांशी, पाण्याखाली पाइप जोडायचं काम त्यानं केलं होतं. दोन वर्षांपूर्वी चाळीस मीटर खाली त्याचा डावा कान फुटला आणि डॉक्टरांनी पाणी कायमचं बंद केलं. आता घरच्या पाच म्हशींच्या धारा काढतो, असं त्यानं विनोदासारखं सांगितलं. कुणी हसलं नाही. पप्पांनी फक्त विचारलं, म्हशी दूध किती देतात.

घड्याळ त्यानं कुरियन नावाच्या आपल्या केरळी सीनियरकडून घेतलं होतं, पूर्ण हंगामाचा पगार देऊन. कुरियननंच त्या दिवशी त्याला काखेत धरून वर आणलं होतं. पुढच्याच वर्षी कुरियन त्याच जागी खाली गेला, तो वर आला नाही.

"तो सांगायचा, यातलं मशीन कंपनीनं सोताच्या कारखान्यात बनवलंय, बाहेरून इकत घेतलेलं न्हाई. म्हणून तर एवढा भाव." गोरक्ष घड्याळाकडे पाहत म्हणाला. "तेवढं बघून सांगा, मॅडम. तो खोटं बोलणारा मानूस नव्हता."

तो गेल्यावर मी मागचं झाकण उघडलं. वर डोलणारं वजन देखणं होतं, त्यावर कंपनीचं नाव कोरलेलं. ते काढलं, भिंग डोळ्याला लावून बॅलन्सच्या चाकाखाली पाहिलं. तिथं खऱ्या कारखान्याचा बारीक शिक्का होता. मशीन बाहेरचं. चांगलं, दणकट, पण लाखो घड्याळांत बसवलेलं, आमच्या दुकानात महिन्याला दोन-तीन येणारं. एक चाक झिजलं होतं, बस. मुंबईहून चार दिवसांत मिळालं असतं.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. कंपनीचं स्वतःचं मशीन असतं तर आम्हाला सुटा भाग कुणी दिला नसता. घड्याळ कंपनीकडे पाठवा, महिनोन् महिने वाट पाहा. बाहेरचं होतं म्हणूनच ते माझ्या हातानं दुरुस्त होणार होतं. आणि पाण्याखाली जीव असतो तो जाड काचेत, पिळून बंद होणाऱ्या चावीत, झाकणाच्या रबरी रिंगेत. मशीन कुणी बनवलं याच्याशी पाण्याला देणंघेणं नसतं. मी हे सगळं मंगळवारी त्याला सांगायचं ठरवलं.

मंगळवारी तो पेंड घ्यायला नगरला येत असे. आला, स्टुलावर बसला, उजवा कान माझ्याकडे करून. त्यानं विचारलं काहीच नाही, नुसतं पाहिलं.

"कंपनीचंच आहे," मी म्हणाले.

त्याचे खांदे एवढे खाली आले की मला कळलं, तो आठवडाभर ते उचलून धरून होता. पप्पांनी रेडिओचा आवाज कमी केला. गोरक्ष गेल्यावर म्हणाले, "मी चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नाही, दया." मग रेडिओ पुन्हा मोठा करत, "पण मला कधी गिऱ्हाईक आवडलंही नव्हतं."

चाक शुक्रवारी आलं. मी शनिवारी बसवलं. आणि पुढच्या मंगळवारी गोरक्षला सांगितलं, अजून आलं नाही.

असे तीन मंगळवार गेले. पाऊस थांबला, पण ऊन काही आलं नाही, ढगच राहिले. तो पेंडीचं पोतं पायरीशी ठेवायचा आणि तासभर बसायचा. खोल पाण्यात कान कसे मोकळे करतात ते त्यानं मला शिकवलं: नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं, हलकेच फुंकायचं. माझ्या कानात टक्क वाजलं तेव्हा मी दचकले, आणि तो माझ्याकडे पाहत राहिला... त्याच्या एका कानात आता ते कधीच वाजणार नव्हतं.

एकदा मी लाल ओढणी घेतली होती. पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी शोषला जातो हे मी पुस्तकात शिकले होते, त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"पंधरा-वीस मीटर खाली तुमची वढनी करडी दिसंल," तो म्हणाला.

"मग मी कशाला येऊ तिथं?"

"करडी दिसली तरी... मला ठाऊक असंल ना, लाल हाय म्हणून."

मी भिंग डोळ्याला लावलं आणि रिकाम्या टेबलावर काहीतरी शोधत बसले.

मग डिसेंबर लागला आणि मला आणखी लांबवणं जमेना. घड्याळ त्याला बांधून दिलं. पण तो मधूनमधून बुडालेल्या मोटारी काढायला गावच्या विहिरींत उतरतो, हे मला कळलं होतं. डॉक्टरांनी बंद केलं तरी. त्यावरून मी त्याला पुष्कळ बोलले, आणि शेवटी बजावलं की आमच्याकडे पाण्याच्या दाबाचं यंत्र नाही, तेव्हा एकदा पुण्याला नेऊन तपासून घ्या. तपासल्याशिवाय पाण्यात न्यायचं नाही. घड्याळालाही, स्वतःलाही.

तो पुण्याला गेला. चाचणीत घड्याळ नापास झालं, म्हणून रिंग बदलायला तिथल्या कारागिरानं झाकण उघडलं.

घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक खूण करायची, ही आमच्या धंद्याची रीत. नाव, तारीख, काय केलं ते. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. पुढच्या कारागिरासाठी असतं. आणि वजनावर नाव एकाचं, आत मशीन दुसऱ्याचं असेल, तर पप्पा तेही लिहायला लावत, नाहीतर नवा माणूस फसतो. चाक बसवलं त्या शनिवारी माझ्या हातानं सवयीनं लिहिलं होतं. मला आठवतही नव्हतं.

पुढच्या मंगळवारी तो पेंड न घेता आला. पुण्याच्या कारागिरानं काढून दिलेला मोबाइलवरचा फोटो काचेवर ठेवला. मोठं करून दाखवलेलं झाकण, त्यावर माझं अक्षर: दया योसेफ, आठ नोव्हेंबर, चाक बदललं, मशीन बाहेरचं.

पप्पा उठले. चहा सांगून येतो म्हणाले आणि छत्री न घेताच भुरभुर पावसात निघून गेले.

"म्हंजी कुरियन खोटं बोलला," गोरक्ष म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"त्यांनी झाकण उघडलं नसेल कधी. त्यांना जे सांगितलं गेलं, तेच त्यांनी सांगितलं." मी म्हणाले. "खोटं मी बोलले. मला माहीत होतं."

"का?"

"तुम्ही मशीनचं विचारत नव्हता. त्यांच्याबद्दल विचारत होता. आणि मला... तुमचा चेहरा पाहवेना."

त्यानं मोबाइल उलटा करून ठेवला. मग त्यानं सांगितलं की काकीनाड्याला एका जहाजावर काम मिळतंय. पाण्यात उतरायचं नाही, वर बसून खाली गेलेल्यांची वेळ मोजायची. तीन महिने. तो आज मला विचारायला येणार होता, जाऊ का म्हणून.

"मशीन कुनाचं का आसंना, त्याचं मला काय न्हाई," तो म्हणाला. "पर तुमी दीड महिना माझ्याशी बोलत हुता. त्यातलं खरं किती, हे आता मी कसं वळखू?"

मी विज्ञान शिकलेली मुलगी. चूक सापडली की सगळी मोजमापं पुन्हा तपासायची, आपल्या सोयीची तेवढीच नाहीत, हे मला शिकवलेलं.

"दोन गोष्टी खोट्या होत्या," मी म्हणाले. "एक तुम्हाला कळली. दुसरी... तो फोटो पाहा. त्यात तारीख आहे."

त्यानं फोटो पुन्हा उचलला. आठ नोव्हेंबर. त्याचे ओठ हलले. तो मंगळवार मोजत होता.

"चाक दुसऱ्याच आठवड्यात आलं होतं," मी सांगितलं. "घड्याळ तयार होतं. ते खणात होतं आणि मी तुम्हाला सांगत होते, अजून आलं नाही. कारण ते दिलं असतं तर तुम्ही येणं थांबवलं असतं. बाकी सगळं खरं होतं. ओढणीवर काही बोलले नाही, तेसुद्धा."

बाहेर कुणीतरी शटर ओढलं. गोरक्षनं मोबाइल खिशात टाकला. त्याच्या चेहऱ्यावर राग उरला नव्हता, पण दुसरं काही त्या जागी आलंही नव्हतं.

"आता किती मागे पडतं हे?" घड्याळ काढून काचेवर ठेवत त्यानं विचारलं.

"रोज चार सेकंद. सतरा दिवस मोजलंय."

"तीन महिने मी हे काढनार न्हाई, का मिळवनार न्हाई," तो म्हणाला. "नव्वद दिसांत सहा मिनिटं. तेवढंच मागे पडलं तर..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं, घड्याळ भिंतीवरच्याशी मिळवून मनगटावर चढवलं आणि निघाला. पायरीवर पप्पा चहा घेऊन उभे होते. कप थरथरत होता. गोरक्षनं तो त्यांच्या हातातून घेतला, उभ्या-उभ्या प्यायला, रिकामा कप परत दिला आणि गेला.

नाताळ आला आणि गेला. चर्चमध्ये मी गायले, पण लोक म्हणाले यंदा तुझा आवाज बसलाय. फोन आला नाही. मीही केला नाही. ज्याचं मोजमाप चालू आहे त्याला हात लावायचा नसतो.

मार्चच्या नवव्या तारखेला सकाळी मोबाइलवर फोटो आला. मनगटावर तेच घड्याळ, शेजारी जहाजावरचं अंकांचं घड्याळ. मागे करडा समुद्र. मी दोन्ही वेळा मोठ्या करून पाहिल्या, वजाबाकी केली, पुन्हा केली. सहा मिनिटं, अकरा सेकंद.

खाली त्यानं लिहिलं होतं: "सहा धरतो. बाकीचंही खरं धरतो." मग बराच वेळ काही नाही. मग: "काम तीन महिन्यांनी वाढलंय. बारा मिनिटं मागे पडलं की येतो."

पप्पांनी माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. शेवटी एवढंच पाठवलं:

"उन्हाळ्यात घड्याळाची चाल थोडी बदलते. बारा मिनिटं होतीलच असं सांगता येत नाही. मी असेन, हे सांगता येतं."