सर्व्हरच्या मागच्या रांगेतली बिलं

सॉफ्टवेअरची लायसन्स सांभाळणाऱ्या बाईंनी सकाळी सर्व्हर उघडला आणि त्या तडक साहेबांकडे गेल्या.

सगळ्या प्रोग्रामरांनी मिळून वापरायचा तो सर्व्हर. लायसन्स स्वस्त, पण अट कडक: त्यावर फक्त चाचण्या, गिऱ्हाइकांचं खरं काम नाही. आणि काल दुपारपासून तिथे गिऱ्हाइकांची खरी बिलं तयार होत होती. लॉगिन धाकटीचं.

धाकटी म्हणजे कालच टीमप्रमुख झालेली पोरगी. त्या जागेवर बाईंचा डोळा होता, तसा टीममधल्या सगळ्यात जुन्या माणसाचा, गुरुजींचाही. काल दुपारी साहेबांच्या खोलीत तिच्यासाठी टाळ्या वाजवताना बाईंचा नुसता जळफळाट झाला होता. गुरुजी तर फोनचं निमित्त करून बाहेरच गेले होते.

"तिला आजच घरी पाठवतो," सगळं ऐकून साहेब म्हणाले.

"तासभर द्या." बाईंना दोष अगदी पक्का करायचा होता.

धाकटी रडवेली झाली होती.

"काल दुपारी हे काम सुरू झालं तेव्हा कुठे होतीस?" बाईंनी विचारलं.

"साहेबांच्या खोलीत, तुमच्या शेजारीच. माझा कॉम्प्युटर उघडाच राहिला."

बाईंनी तिच्या शेजारी बसणाऱ्या प्रोग्रामरला विचारलं, "काल सर्व्हर हळू झाला होता?"

"छे. एरवी हिनं काही चालवलं की आमची कामं ठप्प. काल पत्ताही लागला नाही."

बाईंनी पुन्हा पाहिलं. बिलांचं काम मागच्या रांगेत टाकलेलं होतं. इतरांचं आधी, आपलं नंतर.

"मागच्या रांगेत का टाकलंस?"

"म्हणजे काय करतात?" धाकटीनं विचारलं.

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी साहेबांना आणि गुरुजींना बोलावलं.

"लॉगिन तिचं, सवय तिची नाही," त्या म्हणाल्या. "सर्व्हर सगळ्यांचा, म्हणून आपलं मोठं काम मागे टाकायचं, हे इथे दोघंच पाळतात. मी, आणि मला ते शिकवणारे गुरुजी. मी खोलीत होते. गुरुजी, तुम्ही बाहेर होतात, कॉम्प्युटर उघडा होता. तिला अडकवतानाही इतरांचं काम अडू नये म्हणून तुमचा हात आपोआप तिकडे गेला."

गुरुजी खुर्चीत बसले.

"उभा जन्म इथे घासला मी, आणि कालची पोर डोक्यावर बसवतात. खरं सांग, तुलाही ती जायला हवी होती ना?"

"हवी होती," बाई म्हणाल्या. "अजूनही हवी आहे."

आणि त्यांनी गुरुजींचं सर्व्हरवरचं लायसन्स बंद केलं.