लालीबाईचा अंगठा

लालीबाईच्या अंगठ्यावरची शाई अजून वाळलीही नव्हती, तोच हरिसिंग दारात उभा राहिला.

तिने हात पदराआड नेला. पण नवऱ्याची नजर त्या निळ्या बोटावरून हटेना. खोटे बोलणे तिला कधी साधलेच नव्हते. तिने सारे सांगून टाकले... धाकट्या दिराला, सेवादासला, यवतमाळच्या वामनरावांच्या कचेरीत पाच वर्षांच्या उमेदवारीला ठेवल्याचा कागद झाला होता. वामनराव सनदी हिशेबतपासनीस. कॉलेजची पायरी न चढताही त्यांच्या हाताखाली काम शिकून, मोठ्या परीक्षा देऊन, माणूस त्यांच्यासारखाच होऊ शकतो, हे सेवादासने भावाला परोपरीने सांगितले होते. पोर सतरा वर्षांचे, म्हणून कागदावर घरच्या वडीलधाऱ्याचा अंगठा हवा होता. हरिसिंगाने नाही म्हटले, तिने दिला!

वर्षाच्या बोलीवर बांधून घेतलेला माणूस म्हणजे सालदार, एवढेच हरिसिंगाला ठाऊक. आणि इथे तर पाच वर्षे...

"बापजाद्यांनं मुलुखभर मीठ वाहिलं, पन कोनाची सालदारकी नाही केली," तो म्हणाला. "सालदार पाडव्याले तरी सुटते. तू माया भावाले पाच सालं बांधून देलं. मुदत फेडून, ताठ मानेनं आला तरच या तांड्यात पाय ठेव म्हना त्याले."

त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला. पण संसार काही मुक्याने चालत नाही, म्हणून जे सांगायचे ते तो चांद्या बैलाला सांगू लागला. "चांद्या, सांग तिले, भाकर वावरात पाठव." "चांद्या, इचार तिले, सरकी कुठं ठेवली." बंजाऱ्यांचा सारा तांडा तोंडाला पदर लावून हसे. लालीबाईही हसे, आणि मग चुलीपुढे तिचे डोळे भरून येत. तिचे नाव घेणारा तो एकच आवाज होता, आणि आता त्या आवाजातून ते नाव नाहीसे झाले होते!

सासू गेली तेव्हा सेवादास दोन वर्षांचा. नव्या नवरीने त्याला कडेवर घेतले ते आजतागायत मनातून खाली ठेवले नव्हते. पुढे तिची कूस उजवली नाही, तेव्हा तर तोच तिचा सारा जीव झाला. कापूस वेचता वेचता तिची तंद्री लागे... पांढऱ्याशुभ्र वावराची मोठी वही होई, त्या वहीतून सेवादास वाकून चालत येई, आणि कुठेतरी कोपऱ्यात तिचा निळा अंगठा त्याला वाट दाखवत असे. बाजाराच्या दिवशी तो कधी घाटंजीला गाठ पडे. एकदा मान खाली घालून म्हणाला, शेवटच्या परीक्षेत नापास झालो, भाभी. तिने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि पुन्हा बस म्हणाली. मुदत सरली होती, पण ताठ मान कुठून आणायची, म्हणून तो तांड्यात आला नाही.

कागद झाला तो एकोणीसशे सत्तावनचा पाडवा मागे पडून सहा हिवाळे गेले. एका दुपारी हरिसिंगाची कापसाने भरलेली बैलबंडी घाटंजीच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, उभी होती आणि लालीबाई वर कापसात बसली होती. समोर ओसरीवर जिनाचा मालक लोडाला टेकून होता. तो एकाएकी उठला, अंगरखा सारखा केला आणि आत येणाऱ्या तरुणाला त्याने हात जोडून स्वतःची बैठक दिली.

लालीबाईने डोळे चोळले. तंद्रीतला वावरातून येणारा सेवादास इथे, भर उन्हात कसा...

हरिसिंग पुटपुटला, "सालदारासाठी मालक उभा राह्यते काय?"

सेवादासने त्याला पाहिले. हातातली कागदाची भेंडोळी तशीच टाकून तो धावत आला आणि सगळ्यांदेखत भावाच्या पायांवर वाकला.

"पास झालो, दादा. इथल्या वह्या तपासाले आलो, उद्या तांड्यात येनारच होतो. मी कोनाचा सालदार नव्हतो, शिकून राह्यलो होतो." मग त्याने बंडीवर पाहिले आणि आयुष्यात प्रथमच तिला भाभी म्हटले नाही. "याडीनं अंगठा देला म्हनून."

याडी! तांड्यात लेकरे आईला मारतात ती हाक. लालीबाईचे अश्रू कापसावर ठिबकत राहिले.

हरिसिंग बंडीच्या चाकाला धरून उभा होता. सवयीने तो बैलाकडे वळला. "चांद्या, सांग तिले..." चांद्याने मान वर करून कान टवकारले. हरिसिंगाने त्याच्या कपाळावर हात ठेवला, त्याचे तोंड हलकेच बाजूला केले आणि बंडीच्या मागच्या अंगाला येऊन दोन्ही हात वर धरले.

"लाली," तो म्हणाला, "उतर खाली. लेकरू भुकेलं असंल."